सटवीचा लेख आणि गाठीची खूण

घोडनदीच्या काठी, घोडेगावापासून फार दूर नसलेल्या एका वस्तीत राहणारे माझे मामा, ज्यांनी आयुष्यभर शेती केली, ग्रामदैवत भैरवनाथाच्या उत्सवाचा जमाखर्च वर्षानुवर्षे एका पैची तफावत न पडू देता सांभाळला, आणि कोणत्याही दस्तऐवजावर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतल्याखेरीज कधी सही केली नाही, त्यांनी मुंबईहून आलेला तपासणीचा कागद माझ्या हाती ठेवून विचारले, "बघ रे, यात माझं काय लिहून ठेवलंय?" कागद इंग्रजीत होता. लघवीच्या पिशवीत उद्भवलेली त्यांची गाठ पिशवीच्या स्नायूंचा थर भेदून पुढे गेली होती, यकृतातही रोग पसरला होता, आणि औषधयोजनेचा निर्णय करण्यासाठी डॉक्टरांनी गाठीच्या तुकड्यात काही विशिष्ट खुणांचा शोध घेतला होता. एक खूण नव्हती. दुसरी अत्यल्प होती. जमेल तितक्या सौम्य शब्दांत मी ते सांगितले. मामा काही वेळ ओसरीच्या खांबाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सटवीनं ते औषध माझ्या कपाळी लिहिलंच नाही म्हणायचं."

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. मामा आता नाहीत. परंतु त्यांच्या त्या एका वाक्यात जो प्रश्न दडलेला होता, तो त्यांच्याबरोबर गेला नाही, आणि हा लेख म्हणजे त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या गावांतून मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाट्याची पूजा मांडून त्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याचा शिरस्ता आहे. घर निजल्यावर सटवाई येते, बालकाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, आणि एकदा उमटलेला तो लेख कोणाच्याने पुसला जात नाही, अशी श्रद्धा आहे. ज्या घरांतले पाळणे वारंवार रिकामे होत, त्या घरांतील मातांना दुःख सोसण्याचे बळ याच श्रद्धेने दिले, म्हणून तिच्याविषयी मी आदरानेच बोलेन. दुसरी रीत कौल लावण्याची. देवाच्या अंगावर फुले किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे, मनातला सवाल सांगायचा, आणि उजवे पडते की डावे याची वाट पाहत हात जोडून उभे राहायचे. लेख न विचारता लिहिलेला असतो आणि वाचता येत नाही. कौल विचारावा लागतो आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत मिळतो. तिसरी रीत शास्त्रकारांची आहे. नैयायिकांनी तिला अनुमान म्हटले, आणि ज्या चिन्हावरून अदृष्ट वस्तूचे ज्ञान होते त्या चिन्हाला हेतू असे नाव दिले. फाल्गुन-चैत्रात भीमाशंकरच्या रांगेवर धूर दिसला की पलीकडे वणवा लागला आहे हे आमच्याकडचा गुराखीही जाणतो. त्याला त्यासाठी ग्रंथ वाचावा लागत नाही.

अर्वाचीन वैद्यक ज्याला बायोमार्कर म्हणते, ती गाठीतील खूण या तिहींपैकी कोणत्या कोटीत बसते, हा खरा प्रश्न आहे. मामांनी ती पहिल्या कोटीत घातली होती. ती तेथली नाही, असे माझे मत आहे. आणि ते मत मी सांत्वनासाठी बनवलेले नाही, विचारांती माझे झाले आहे.

या रोगाची पहिली खूण कोणत्याही प्रयोगशाळेत जाण्याआधी, घरच्या मोरीत दिसते. लघवी लाल होते, बहुधा काही दुखत नाही, आणि दोन-चार दिवसांत ती आपोआप स्वच्छही होते. मामांना तसे झाले तेव्हा घरच्यांनी उन्हाळी लागली असे ठरवले, गोखरूचा काढा दिला, धन्या-जिऱ्याचे पाणी दिले, आणि रक्त थांबले. वास्तविक उन्हाळीत जळजळ होते आणि येथे ती नव्हती, हा भेद कोणाच्या ध्यानात आला नाही, माझ्याही नाही. रक्त थांबले ते काढ्याने, असा निष्कर्ष आम्ही काढला. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडावी, याला आपल्या परंपरेने काकतालीय न्याय म्हणून फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे, पण नाव ठाऊक असणे आणि आपल्या ओसरीवर तो न्याय घडताना ओळखणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आठ महिन्यांनी रक्त पुन्हा दिसले आणि या खेपेला गुठळ्यांसह दिसले. मग दुर्बीण घालून तपासणी झाली, गाठ खरवडून काढली गेली, तुकडा तपासायला गेला. मामांची विडी तरुणपणापासूनची होती. विडीच्या धुरातील विषे रक्तातून मूत्रपिंडांत आणि तेथून पिशवीत उतरतात, आणि तेथे तासन्‌तास साचून राहतात, ही हकीकत त्यांना त्या वयापर्यंत कोणी सांगितली नव्हती.

पूर्वी डॉक्टरांपुढे मुख्य प्रश्न एकच असे: गाठीचे मूळ किती खोल गेले आहे? आजही प्रथम तेच पाहतात, आणि ते योग्यच आहे. मूळ वरवर असेल तर गाठ काढून पिशवीत बीसीजी सोडतात. १९२१ साली काल्मेट आणि गेरँ यांनी क्षयासाठी सिद्ध केलेली, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर जिचा व्रण आहे, तीच ही लस. कॅनडातील मोरालेस यांनी १९७६ साली ती या कामी उपयोगी पडते असे दाखवले, आणि आज पुण्याच्या हडपसरमधील सीरम इन्स्टिट्यूट ती त्या रूपातही तयार करते. निर्बल केलेला क्षयजंतू आत जाऊन शरीराच्या निद्रिस्त पहारेकऱ्यांना जागे करतो, ही कल्पना मला आजही विस्मित करते. मूळ खोल गेले तर पिशवी काढणे, किंवा शेक देणे, किंवा केमोथेरपी. परंतु एकाच खोलीच्या, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक औषधाने विरते आणि दुसरी विरत नाही, हे कोडे त्या खोलीच्या मापाने सुटत नव्हते. चरकाने श्रेष्ठ वैद्याचे लक्षण सांगताना प्रत्येक पुरुष निरनिराळा पाहून औषध योजण्याचा आग्रह धरला आहे; नव्या वैद्यकाने तोच आग्रह एक पायरी आत नेला आणि प्रत्येक गाठ निरनिराळी पाहायची ठरवली.

गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेतात, आणि त्यांत विशिष्ट प्रथिने किंवा जनुकांतील बदल शोधतात. एफजीएफआर३ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल झालेला असेल, तर पेशीला अखंड वाढत राहण्याचा हुकूम मिळत राहतो. अर्डाफिटिनिब हे तोंडाने घ्यायचे औषध तो हुकूम अडवते, आणि पसरलेल्या रोगात हा बदल असणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०१९ साली त्याला मान्यता मिळाली. येथे विचारवंताने थांबून पाहावे अशी गोष्ट ही की, हाच बदल वरवरच्या, सौम्य गाठींत फार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि तेथे तो बहुधा सौम्यतेचेच लक्षण असतो. खूण तीच, पण कोणत्या स्थळी ती दिसली यावर तिचा अर्थ अवलंबून. नैयायिकांनी ज्या स्थळी अनुमान करायचे त्याला पक्ष म्हटले आणि पक्षाचा विचार न करता हेतूचा विचार करू दिला नाही, यातील शहाणपण मला या गाठींच्या निमित्ताने नव्याने उमगले.

दुसरी खूण, जी मामांच्या कागदावर अत्यल्प म्हणून नोंदली होती, तिचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. तिचे नाव पीडी-एल१. शरीराच्या रक्षकपेशी चौकीवर उभ्या असतात, आणि गाठीतील पेशी हे प्रथिन एखाद्या दस्तकासारखे पुढे करते. दस्तक पाहून रक्षक तिला सोडून देतो. नवी औषधे या व्यवहारातच हात घालतात, म्हणजे दस्तक चालेनासे होते आणि रक्षक आपले काम करू लागतो. मग ज्या गाठीत दस्तके पुष्कळ, तिच्यावर हे औषध चालणारच, याहून स्वाभाविक अनुमान कोणते? मोठमोठ्या विद्वानांनी ते केले. अटेझोलिझुमॅब या औषधाची केमोथेरपीशी तुलना करणाऱ्या, ९३१ रुग्णांच्या परीक्षेत दस्तके ठळक असलेले रुग्ण मुद्दाम निवडून त्यांच्यावर प्रथम फैसला करायचे ठरले. निकाल असा लागला की नव्या औषधाने त्यांचे मध्यम आयुर्मान ११.१ महिने आणि जुन्या केमोथेरपीने १०.६ महिने; अंतर नगण्य. खूण ठळक असणारे नव्या औषधाने बरे राहत होते हे खरे, परंतु ते जुन्या औषधानेही इतरांपेक्षा बरे राहत होते. खूण रोग्याविषयी काहीतरी सांगत होती. औषधाविषयी जे विचारले होते त्याचे उत्तर तिने दिलेच नव्हते.

आपल्या तर्कशास्त्रात या प्रमादाचे फार सूक्ष्म विवेचन आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नीवरून धुराचे होत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लाल गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीला धूर सुटतो तो ओल्या इंधनाचा संयोग झाला तर. हा जो लपून राहिलेला, अनुमानाला भलत्या वाटेने नेणारा ओलावा, त्याला उपाधी म्हणतात. चूल पेटवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक असलेली ही गोष्ट शास्त्राच्या सूत्रात बसवण्यासाठी नैयायिकांनी शतकानुशतके वाद केले, आणि त्या वादांना आपण पुढे शुष्क पांडित्य म्हणून बाजूस सारले. ते शुष्क नव्हते. पीडी-एल१ मोजणाऱ्यांपुढे तोच ओलावा उभा राहिला. त्यात आणखी भर अशी की, निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी रंगद्रव्ये आणि निरनिराळ्या मर्यादा योजल्यामुळे, जुन्या पेठांतून जशी एका पेठेची पायली दुसरीशी जुळत नसे, तसा एका प्रयोगशाळेचा 'अधिक' दुसरीच्या 'अल्पा'शी पडताळता येईना. त्याच सुमारास पेम्ब्रोलिझुमॅब या त्याच जातीच्या औषधाने, केमोथेरपीनंतर रोग उलटलेल्या रुग्णांत, खूण असो वा नसो, लाभ दाखवला. अटेझोलिझुमॅबची या रोगातील संमती अमेरिकेत पुढे टप्प्याटप्प्याने, २०२१ आणि २०२२ साली, मागे घेण्यात आली. तरीही ती खूण सर्वस्वी निरर्थक ठरली असे नाही: ज्यांना केमोथेरपीतील सिस्प्लॅटिन हे औषध सोसत नाही अशा रुग्णांना आरंभीच केवळ या जातीचे नवे औषध दिले आणि खूण अल्प असली, तर केमोथेरपीच्या तुलनेत मृत्यू लवकर येतो असे दिसल्यावर २०१८ साली तसा इशारा देण्यात आला. तेव्हा ती खूण वचन देण्यास असमर्थ, पण सावध करण्यास समर्थ, अशी निघाली.

येथे मला नाणेघाट आठवतो. जुन्नरच्या पश्चिमेस, घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. यज्ञ, दक्षिणा आणि भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हे त्यात आहेत, आणि दगडात कोरलेल्या त्या अक्षरांच्या वाचनावरून थोर पंडितांत मतभेद झाले. शेजारी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमा गेल्या आहेत. वर नावे उरली आहेत आणि खाली पावलांचे अवशेष. दगडातील लेखाची ही स्थिती, मग एका दिवशी, एका जागेवरून खरवडलेल्या, मेणात बसवलेल्या मांसाच्या कणाचे वाचन अंतिम मानण्याचा अधिकार आपणास कोठून आला? एकाच देहातील दोन जागच्या गाठी दोन निराळ्या खुणा वागवतात, आणि औषधाखाली गेलेली गाठ कालांतराने आपली खूण बदलते.

मग खुणांचा नादच सोडावा काय? तसेही नाही. पिशवी काढल्यानंतर रक्तात गाठीच्या जनुकद्रव्याचे सूक्ष्म तुकडे उरले आहेत काय, हे आता पाहता येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८१ रुग्णांपैकी ३७ टक्क्यांच्या रक्तात ते सापडले. अटेझोलिझुमॅबचा लाभ या ३७ टक्क्यांतच दिसला, उरलेल्यांत दिसला नाही. त्यावरून केवळ या खुणेवर आधारलेली नवी परीक्षा रचली गेली आणि २०२५ साली तिने ते अनुमान उचलून धरले. जे औषध एका नियमाखाली अपेशी म्हणून बाजूला पडत होते, तेच योग्य प्रश्न विचारल्यावर कामास आले. ज्यांच्या रक्तात काही सापडत नाही, त्यांची निरर्थक औषधाच्या त्रासातून सुटका होणे, हा लाभही मला लहान वाटत नाही.

आणि काही खुणा अशा, की त्या पाहण्याचे कारणच उरत नाही. नेक्टिन-४ हे प्रथिन या जातीच्या जवळजवळ सर्व गाठींवर असते. त्याला चिकटून विष आत सोडणारे एन्फोर्टुमॅब वेडोटिन हे औषध पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने दिल्यावर मध्यम आयुर्मान १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर गेले, असे २०२३ साली जाहीर झाले, आणि त्यासाठी कोणतीही खूण विचारावी लागली नाही. जे सर्वत्र आहे, ज्याचा अभाव कोठे दाखवता येत नाही, त्याला नैयायिक केवलान्वयी म्हणतात. असे लक्षण एकाला दुसऱ्यापासून वेगळे करीत नाही.

आता मामांच्या सटवीकडे येतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो की आयुष्याचे प्रमाण नियत आहे की नाही. आत्रेयांचे उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या योगावर अवलंबून आहे; सर्वच नियत असते तर कोणी औषध घेतले नसते आणि कोणी पिसाळलेल्या हत्तीसमोरून बाजूस झाले नसते. गाडीचा उत्तम आस यथाकाल झिजून मोडतो, तो त्याचा नैसर्गिक अंत. परंतु तोच आस अतिभाराने, खाचखळग्याच्या वाटेने, हाकणाऱ्याच्या दोषाने किंवा वंगणाच्या अभावी मधेच मोडला तर तो अकाली मोडला असेच म्हणावे लागते. बैलगाड्यांच्या घाटावर ज्यांचे बालपण गेले त्या मामांना हे उत्तर तत्क्षणी पटले असते. सटवीचा लेख माणसाविषयी असतो. गाठीची खूण माणसाविषयी नसतेच. ती एका विशिष्ट गाठीचा एका विशिष्ट औषधाशी काय संबंध आहे एवढेच, आणि तेही संभाव्यतेच्या भाषेत सांगते. मामांच्या कागदावरच्या 'नाही'चा अर्थ एवढाच होता की अर्डाफिटिनिबची किल्ली त्यांच्या कुलुपाला लागत नाही. कुलूप उघडणार नाही असे त्यात लिहिलेले नव्हते. त्यांना सिस्प्लॅटिनयुक्त केमोथेरपी मिळाली, आणि त्यांनी त्यानंतर दोन हंगाम कांदा काढून स्वतः मंचरच्या बाजारात नेला.

मी या खुणेला कौलाच्या कोटीत घालतो, मात्र या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने. दुष्काळाने किंवा धामधुमीने रयत परागंदा झाली म्हणजे मराठी राज्यात सरकारातून तिला कौल दिला जाई: परत या, जमीन लावा, इस्ताव्याप्रमाणे वसूल हळूहळू वाढेल, तुम्हांस तोशीस लागणार नाही. देवाचा कौल आणि सरकारचा कौल एकाच शब्दात नांदतात, कारण दोहोंत उत्तर देणारा आपल्या उत्तराने बांधला जातो. गाठीला जो प्रश्न विचारतो तोही तसाच बांधला जातो. खूण सापडली आणि औषधाची किंमत लाखांच्या घरात असल्यामुळे ते देता आले नाही, तर तो दोष सटवीचा नव्हे आणि रोग्याच्या पूर्वकर्माचाही नव्हे. तो कौल देऊन न पाळणाऱ्या समाजाचा आहे. प्रारब्धाचा सिद्धान्त अशा ठिकाणी पुढे करणे हा धर्माचा दुरुपयोग आहे, असे मी निःसंकोच म्हणतो.

कौल पाळण्याचा मार्ग दुर्लभ नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब हे याच रक्षक जागवणाऱ्या जातीचे औषध रूढ मात्रेच्या दशांशाहूनही कमी, केवळ २० मिलिग्रॅम, नेहमीच्या औषधांबरोबर देऊन पाहिले. वर्षभराने हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, आणि २०२२ साली हे प्रसिद्ध झाले. तो रोग निराळा आहे, आणि पिशवीच्या रोगात तसेच होईल असे अनुमान मी करणार नाही. वर सांगितलेला ओलावा मला विसरता येत नाही. पण प्रश्न विचारण्याची ती रीत आमची आहे: ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या बाजूने विचारलेली. सातवाहनकाळी जुन्नरचा माल ज्या दिशेने घाट उतरून कल्याणच्या बंदराला जाई, त्याच दिशेने आज माळशेज घाटातून एसटीने आमचे रुग्ण कल्याण आणि तेथून परळ गाठतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाठ टेकायला जागा मिळते. ज्या संताने देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या, त्याला या प्रश्नाचे उत्तर ग्रंथावाचून कळले होते.

वाचकहो, विशेषतः घोडनदीच्या आणि कुकडीच्या खोऱ्यातील वाचकहो, माझी विनंती एवढीच. लघवीत एकदा जरी रक्त दिसले आणि काही दुखत नसले, तरी काढ्यावर न थांबता डॉक्टरांकडे जा. रक्त आपोआप थांबले तरीही जा. आणि तुकडा तपासला गेला असेल तर त्याचा मेणाचा ठोकळा आणि काचा रुग्णालयातून मागून घ्या, सातबाऱ्याच्या उताऱ्याइतक्याच जपून ठेवा, आणि मुंबईस जाताना बरोबर न्या. पुढील डॉक्टर प्रथम त्याच मागतील.